दिसतं किती, कळतं किती

खेळाडू निवडणं हे माझं काम आहे. नांदेडच्या मैदानांवर मुलामुलींना फुटबॉल शिकवते, शालेय स्पर्धांसाठी संघ बांधते आणि जिल्हा जिंकलो की पोरांना घेऊन लोहा, अहमदपूर, चाकूर करत विभागीय फेरीसाठी लातूर गाठते. रात्री घरातलं आवरलं की संगणकावर ‘फुटबॉल मॅनेजर’ हा खेळ लावते. तिथंही सामन्यापेक्षा माझा जीव खेळाडू शोधण्यात जास्त रमतो. या खेळात स्काउटिंगची पद्धत गेल्या काही वर्षांत बरीच बदलली. त्या बदलांनी मैदानावरच्या माझ्या कामाला जी शिस्त लावली, तिच्याविषयी लिहावंसं वाटतं.

पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या दोन इंग्रज भावांनी 1992 मध्ये ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ बाजारात आणला. त्याच परंपरेतला खेळ 2004 पासून ‘फुटबॉल मॅनेजर’ या नावानं येतो. प्रत्येक खेळाडूच्या प्रत्येक गुणाला 1 ते 20 मध्ये आकडा असतो: वेग, पास, हेडर, धीर, निर्णयक्षमता. त्याखाली आणखी दोन आकडे दडलेले असतात, 200 पैकी. एक आजच्या कुवतीचा, दुसरा पुढं जाऊन तो कुठवर पोचेल याचा. सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये गुणांचे आकडे सगळ्यांचेच उघडे असायचे. जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातला पोरगा घ्या, त्याचं सगळं प्रगतिपुस्तक समोर. शोधणं म्हणजे यादी चाळणं एवढंच.

मग आकडे झाकले गेले. ज्याला आपल्या माणसानं पाहिलं नाही, त्याचे रकाने रिकामे. थोडंसं पाहिलं असेल तर एक आकडा न देता पट्टा दिसतो: वेग 11 ते 16. पाहणं वाढेल तसा पट्टा अरुंद होतो. 2017 च्या अखेरीस आलेल्या आवृत्तीत स्काउटिंगची नव्यानं बांधणी झाली आणि खेळाडूविषयी आपल्याला किती टक्के माहिती आहे, हे अहवालात दिसू लागलं. कुवत दाखवणाऱ्या ताऱ्यांतही सोनेरी तारे खात्रीचे, काळे तारे अंदाजाचे. शिवाय पाहणाऱ्याचंही मोजमाप असतं. आजची कुवत ओळखण्याची त्याची नजर वेगळी मोजली जाते आणि उद्याची ओळखण्याची वेगळी. मला हे फार मोलाचं वाटतं. आजचा चांगला खेळाडू कोण, हे कट्ट्यावर बसलेला प्रेक्षकही सांगतो. बारा वर्षांची मुलगी सतरा वर्षांची झाल्यावर कशी खेळेल, हे सांगायला निराळी नजर लागते.

तेव्हापासून माझ्या वहीत दोन रकाने वाढले. एकात गुणाचा पट्टा, दुसऱ्यात ‘किती कळलं’. एखाद्या पोराला एकदाच आणि तेही अर्धाच तास पाहिलं असेल, तर त्याच्यापुढं ‘चांगला’ किंवा ‘कच्चा’ असा शिक्का मारायची मला आता सोय उरलेली नाही.

मैदानाजवळ उभं राहून बघितलं की याची गरज कळते. आमच्याकडची बरीच मैदानं मुरमाची, नाही तर काळ्या मातीची. उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडतात, सरळ येणारा चेंडू मध्येच गुडघ्याएवढा उसळतो. अशा जमिनीवर वाढलेलं पोर चेंडू तळव्याखाली दाबून थांबवतं, कारण तिथं तेच खात्रीचं. हेच पोर गवतावर आलं की बाहेरून आलेला निवडकर्ता लिहितो, पहिला स्पर्श संथ. त्याला दिसलेलं बरोबर असतं, पण त्या स्पर्शामागची जमीन त्याला दिसलेली नसते.

मागच्या हंगामात डाव्या बगलेला खेळणाऱ्या एका मुलीकडे माझं असंच लक्ष गेलं. चेंडू तिच्या नडगीला लागून दूर जायचा, त्यावर बाजूची मंडळी हसायची. मी चेंडू सोडून तिच्या मानेकडे बघत राहिले. पास तिच्याकडे निघायच्या आत ती एकदा डाव्या खांद्यावरून, एकदा उजव्या खांद्यावरून मागं बघून घ्यायची. चेंडू येईपर्यंत मागं कोण धावतंय, मोकळी जागा कुठं आहे, हे तिच्या डोक्यात पक्कं. चेंडू गेला की रडत उभी न राहता थेट गोलच्या दिशेनं परत पळायची. स्पर्श शिकवता येतो. मान वळवायची सवय मोठेपणी लावायला जीव जातो. वहीत लिहिलं: स्पर्श 5 ते 12, मैदानाचं भान 13 ते 16, कळलं थोडंच. सामना संपल्यावर तिनं विचारलं, “मॅडम, माझं नाव आलं का?” मी म्हटलं, “अजून बघायचंय तुला. उद्या ये, परवा पण ये.”

पुन्हा पुन्हा बघून मग ठरवणं हे काही संगणकानं लावलेलं नवं शास्त्र नाही. मराठवाड्यात ते कुस्तीच्या तालमीनं फार आधीपासून सांभाळलं आहे. लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार पुढं पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद झाले. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे त्यांच्या हाताखाली घडला. 2011 मध्ये बिराजदार गेले, त्यानंतर लातूरच्याच काका पवारांनी राहुलला पुढं नेलं, आणि 2018 मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं 57 किलो गटात सुवर्ण मिळवलं. जानेवारी 2020 च्या महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके समोरासमोर आले, तेव्हा दोघंही काका पवारांचेच पठ्ठे होते. वस्ताद पोराला तालमीत ठेवून घेतो. पहाटे कोण आधी उठतं, हरल्यावर कोण जेवत नाही, दुखणं कोण लपवतं, हे तो रोज बघतो. त्याचा पट्टा अरुंद होत जातो तो असा.

आमच्या निवड चाचणीला मात्र एक दिवस मिळतो. राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीसाठी 8 ते 14 वर्षांच्या मुलांच्या चाचण्या होतात: 30 मीटर धावणं, 6 बाय 10 मीटरची शटल रन, उभी लांब उडी, मेडिसिन बॉल फेकणं, 800 मीटर. या चाचण्या हव्यातच. एरवी कुणाच्या नजरेला न पडणारं खेड्यातलं पोर त्यांच्यामुळं कागदावर येतं. पण शितावरून भाताची परीक्षा भातालाच लागू पडते, कारण एका भांड्यातली शितं एकाच आचेवर शिजलेली असतात. तेरा वर्षांच्या मुलांत कुणाला मिसरूड फुटलेलं असतं, कुणी अजून वीतभर वाढायचा असतो. एकाच वयोगटात जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरमध्ये जन्मलेला यांच्यात जवळपास वर्षाचं अंतर असतं, आणि निवडीत वर्षाच्या सुरुवातीची मुलं जास्त येतात, हे जगभर दिसून आलं आहे. त्या दिवशी आपण पुष्कळदा गुणाऐवजी वाढ मोजत असतो.

अंदाज किती चुकू शकतो, हे संगणकावरच्या त्या खेळाच्या इतिहासातही आहे. 2001-02 च्या आवृत्तीत चर्नो सांबा हा मिलवॉलचा कोवळा पोरगा जगातला अव्वल स्ट्रायकर व्हायचा. प्रत्यक्षात त्याची कारकीर्द खालच्या पायऱ्यांवरच फिरत राहिली. तरीही हजाराहून जास्त निरीक्षक देशोदेशी सामने बघून या खेळाची माहिती दरवर्षी नव्यानं तपासतात, आणि 2008 मध्ये एव्हर्टनसारख्या क्लबनं ती माहिती वापरण्यासाठी करार केला. तिचं बळ वर्षागणिक होणाऱ्या या फेरतपासणीत आहे.

2022 च्या नोव्हेंबरात आलेल्या आवृत्तीनं आणखी एक पाऊल टाकलं. संघाची पुढच्या हंगामांची आखणी आधी करायची, उणीव कुठं आहे ते ठरवायचं आणि मग स्काउटला नेमकं सांगायचं: या जागेसाठी, या वयाचा, अशा भूमिकेचा खेळाडू बघ. आमच्या चाचणीत सगळे स्ट्रायकर असतात. ज्यानं गोल मारला तो डोळ्यांत भरतो, ज्यानं दोन गोल होऊ दिले नाहीत तो यादीबाहेर. मी आता चाचणीआधीच कागदावर जागा मांडते, आणि एक सहकारी फक्त बचावफळीकडे बघतो, बाकी काही नाही.

2025 च्या नोव्हेंबरात आलेल्या आवृत्तीत प्रथमच महिला फुटबॉल आला. त्यासाठी कुणीतरी मुलींचे सामने जाऊन बघितले, नोंदी केल्या. ज्यांच्याकडे बघितलंच जात नाही, त्यांची कुवत शून्य धरली जाते. आमच्या मुलींच्या बाबतीत हे वर्षानुवर्षं घडत आलं. म्हणून राज्य सरकारच्या ‘महादेवा’ उपक्रमात 13 वर्षांखालच्या 30 मुलग्यांबरोबर 30 मुलींची निवड झाली आणि 14 डिसेंबर 2025 ला वानखेडेवर मेस्सी आला तेव्हा त्या मुलींनाही तो मंच मिळाला, याचा मला मनापासून आनंद आहे. साठ जणांना घडवण्याची वाट आता आखलेली आहे. माझ्या डोळ्यांपुढं असतात ती चाचणीला येऊन परत गेलेली पोरं.

यादी लागते आणि बाकीचे कागद तिथंच संपतात. ते संपू नयेत, एवढंच माझं मागणं आहे. चाचणीच्या तक्त्यात ‘किती कळलं’ हा रकाना असावा. बाराव्या वर्षी राहून गेलेल्याला चौदाव्या वर्षी पुन्हा बोलवावं. एका तालुक्यातल्या शिक्षकाच्या नोंदी पुढच्या फेरीच्या निवडकर्त्याच्या हाती पडाव्यात, म्हणजे त्याला कोऱ्या पाटीवर सुरुवात करावी लागणार नाही. याला पैसे फारसे लागत नाहीत, चिकाटी लागते. राहून गेलेल्या पोराच्या नावापुढं ‘अजून बघायचंय’ असं लिहून ती वही पुढच्या हंगामात खरोखर उघडणं, ही निवडीची अर्धी मेहनत आहे. नांदेड-लातूरला फुटबॉल रुजवायचा असेल, तर ती आम्हा शिक्षकांनाच करावी लागेल.