बोटभर कागदावरचा इतिहास

टपालाचे तिकीट म्हणजे हशील भरल्याची एक पावती. मागे डिंक, कडेला दातेरी नक्षी. टपालात पडताच त्यावर काळा शिक्का बसतो आणि त्याचे आयुष्य संपते. परंतु त्या बोटभर कागदावर कोणाचे चित्र छापावे हे ठरविताना राष्ट्राला आपला सारा इतिहास डोळ्यांपुढे आणावा लागतो; आणि कोणाला वगळावे, हेही तेथेच ठरते.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी आपली पहिली तिकिटे १८४७ मध्ये काढली. पाच सेंटांच्या तिकिटावर फ्रँकलिन होते, दहा सेंटांच्या तिकिटावर वॉशिंग्टन. फ्रँकलिन यांचा मान योग्यच होता. १७७५ मध्ये वसाहतींच्या टपालाचा कारभार प्रथम त्यांच्याच हाती सोपविला गेला होता. १८६९ मध्ये व्यक्तींच्या जोडीला प्रसंगही आले. २४ सेंटांच्या तिकिटावर स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा देखावा दोन रंगांत छापला होता. चौकट एकदा व चित्र एकदा अशी ती छपाई. त्यात काही ताव उलटे घातले गेले, आणि राष्ट्राचे जनक खाली डोके वर पाय असे उभे राहिले! संग्राहक त्या तिकिटांना अमाप किंमत देतात. चुकीचे एवढे मोल अन्यत्र क्वचितच होत असेल.

कोलंबसाच्या सफरीला चारशे वर्षे झाल्यानिमित्त शिकागो येथे १८९३ मध्ये मोठे प्रदर्शन भरले. त्यावेळी एक सेंटापासून पाच डॉलरपर्यंत १६ तिकिटे निघाली. एक सेंटाच्या तिकिटावर जमीन दिसल्याने हर्षभरित झालेल्या कोलंबसाची दाढी गुळगुळीत आहे. दोन सेंटांच्या तिकिटावर तो किनाऱ्यावर उतरतो, तेव्हा भरघोस दाढी वाढलेली! दोन तिकिटांसाठी दोन निरनिराळ्या चित्रकारांची चित्रे घेतल्याचा हा परिणाम. दोन डॉलरच्या तिकिटावर मात्र हाच कोलंबस बेड्यांत दाखविला आहे. दर्यावर्दी कोलंबसाच्या बेड्या राष्ट्राला आठवल्या. त्याच भूमीवर ज्यांच्या पिढ्यान् पिढ्या साखळदंडांत गेल्या, त्यांच्यापैकी एकाही कृष्णवर्णीयाचे व्यक्तिचित्र तिकिटावर येण्यास १९४० साल उजाडावे लागले.

ते पहिले चित्र बुकर टी. वॉशिंग्टन यांचे. त्यांचा जन्म व्हर्जिनियात गुलामीत झाला. १८८१ पासून त्यांनी टस्कीगी येथे शाळा उभारली, तीही अक्षरशः; विद्यार्थ्यांनी विटा भाजल्या आणि त्याच विटांच्या इमारती बांधल्या. ७ एप्रिल १९४० रोजी टस्कीगी येथेच ते तिकीट प्रसिद्ध झाले. त्याची किंमत दहा सेंट होती. साध्या पत्राला त्याकाळी तीन सेंट पुरत. सन्मान तर झाला. पण रोजच्या पत्रव्यवहारात तो मुखडा कितीसा दिसला असेल?

पुढे २६ जानेवारी १९६१ रोजी, आपल्या प्रजासत्ताकदिनी, याच टपालखात्याने महात्मा गांधींची दोन तिकिटे काढली.

गुलामांच्या मुक्तीच्या घोषणेला १९६३ मध्ये शंभर वर्षे पूर्ण झाली. त्या प्रसंगाच्या तिकिटाची आखणी जॉर्ज ओल्डेन यांनी केली. अमेरिकेच्या तिकिटाची आखणी करणारे ते पहिले कृष्णवर्णीय कलावंत. त्यांनी ना कोणाचा चेहरा काढला, ना रणांगण. निळ्या पार्श्वभूमीवर एक जाडजूड काळी साखळी आहे आणि तिची कडी तुटलेली आहे. या तिकिटाची किंमत पाच सेंट, म्हणजे त्यावर्षी साध्या पत्राला लागत होती तेवढीच.