भाणार, पवनी आणि मिराशींचे सर

भंडाऱ्याच्या स्टँडवर पवनीची बस लागेपर्यंत मी पिशवीतलं पुस्तक दोनदा बाहेर काढलं आणि दोनदा आत ठेवलं. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांच्या ‘संशोधनमुक्तावली’चा एक भाग. विदर्भ संशोधन मंडळानं त्यांचे लेख गोळा करून छापले तेव्हा भागाला भाग न म्हणता ‘सर’ म्हटलं. मोत्यांची माळ, म्हणून सर. नाव जरा नटवं आहे. आत मात्र नटवेपणा औषधालाही नाही. ताम्रपट कुठल्या शेतात निघाला, पत्रे किती, कडी शाबूत आहे का, कुठल्या अक्षराची वेलांटी कशी वळली आहे, याचा सगळा हिशेब. बसमध्ये वाचण्यासारखं हे पुस्तक नव्हे, तरी मी तेच घेतलं होतं.

बस निघाली. पहेला, अड्याळ. धान कापून झालेल्या बांध्यांत लाखोळी हिरवी दिसत होती, धुऱ्याधुऱ्यांवर तणसाचे ढीग. ‘भंडारा’ म्हटलं की लोक पितळेच्या भांड्यांकडे बोट दाखवतात, पण नाव त्या भट्ट्यांहून जुनं असावं. छत्तीसगडातल्या रतनपूरच्या कलचुरी राजा पहिल्या जाजल्लदेवाचा १११४ सालचा एक शिलालेख आहे. त्याला वर्षाकाठी खंडणी देणाऱ्या मांडलिकांच्या यादीत वैरागर आणि लांजिका यांच्याबरोबर ‘भाणार’ येतं. हा भाणार म्हणजेच भंडारा, असं मानलं जातं. लेख आधी कीलहॉर्ननं छापला होता. मिराशींनी १९५५ साली कलचुरींच्या सगळ्या लेखांचा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला, त्यात तो पुन्हा तपासून घेतला. आपल्या जिल्ह्याची एवढी जुनी नोंद, आणि तीही खंडणी भरणाऱ्यांत! अभिमान बाळगणाऱ्यांची थोडी पंचाईतच.

मिराशी इथले नव्हेत. जन्म १८९३चा, देवगड तालुक्यातल्या कुवळे गावचा. १९१९च्या सुमारास नागपूरला मॉरिस कॉलेजात आले ते संस्कृत शिकवायला, आणि १९८५ साली नागपुरातच गेले. हा कोकणी प्राध्यापक विदर्भाच्या मातीत कसा ओढला गेला असेल, याचा माझ्यापुरता मी लावलेला मार्ग असा: कालिदासाचा काळ ठरवायचा तर गुप्तांकडे जावं लागतं, गुप्तांची लेक प्रभावतीगुप्ता वाकाटकांच्या घरी सून म्हणून येते, आणि वाकाटकांचं घर म्हणजे तर नागपूरच्या अंगणातलं नगरधन आणि रामटेक. कवीच्या मागे निघालेला माणूस ताम्रपटांपाशी येऊन थांबतो. १९३४ साली त्यांचं ‘कालिदास’ निघालं, आणि संशोधन मंडळही त्याच वर्षी उभं राहिलं.

पवनीला उतरलं की कोट दिसतो. गावाला तीन बाजूंनी तट आणि खंदक, चौथीकडे वैनगंगा. या गावात मिळालेल्या दोन लेखांवर मिराशींनी लिहिलं आहे. एक पादुकापट्ट, म्हणजे पावलं कोरलेली शिळा, आणि तिच्यावर भार वंशातल्या भगदत्त राजाचं नाव. दुसरा महाक्षत्रप कुमार रुपिअम्म याचा छायास्तंभ. मेलेल्या माणसाच्या स्मरणार्थ उभा केलेला खांब. प्रत्येकात अक्षरं मूठभर. पण भार म्हणजे पुढचे भारशिव असतील का, क्षत्रपांचा अंमल वैनगंगेपर्यंत पोचला होता का, असे प्रश्न या मूठभर अक्षरांतूनच उभे राहिले. तोवर पवनीत कुणी कुदळ मारली नव्हती.

ती मारली १९६९-७०मध्ये. नागपूर विद्यापीठाचे शां. भा. देव आणि पुरातत्त्व खात्याचे जगत्पती जोशी यांनी गावाबाहेरच्या टेकड्या खणल्या आणि बौद्ध स्तूप बाहेर आले. कठड्याचे खांब, त्यांवर ब्राह्मीत दान देणाऱ्यांची नावं, नावासह कोरलेला मुचलिंद नाग. टेकडीचं नाव जगन्नाथ, पोटात स्तूप. तिथं मी बराच वेळ नुसता उभा होतो.

याच जोशींची एक गोष्ट मला फार आवडते. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर म्हणजे वर्धेजवळचं पवनार, असं मिराशींनी मांडलं होतं. मिराशी गेल्यावर दशकभरानं जोशी आणि अ. कु. शर्मा यांनी रामटेकजवळ मनसरला उत्खनन केलं, आणि प्रवरपूर ते मनसरच, असा दावा पुढे आला. आज बरेच अभ्यासक तिकडे झुकतात. पण मनसरचा वाद घालायचा तरी हाती लागतो तो मिराशींनी १९६३ साली छापलेला वाकाटक लेखांचा ग्रंथच. निष्कर्ष हलला, वाचन हललं नाही. मला हे कोकणी काटेकोरपणाचं फळ वाटतं. शिलाहारांच्या लेखांचा ग्रंथ त्यांनी १९७७ साली, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, याच चिकाटीनं पुरा केला.

उन्हं कलताना घाटावर गेलो. पायऱ्या उतरताना एका दगडावर रेघा दिसल्या. तिरप्या उजेडात अक्षरं उठून येतात, हे सर वाचून कळलेलं. ओंजळभर पाणी टाकलं, बोटानं चाचपत बसलो.

वरच्या पायरीवरून एक म्हातारेबाबा केव्हाचे बघत होते. “दगड पाहाले आले का जी?”

“हो बाबा. काहीतरी लिहिलंय.”

ते खाली आले, वाकले, चष्मा वर केला. “थे त पोट्ट्याईनं खिळ्यानं कोरलं जी,” म्हणाले, आणि हसत धोतराचा सोगा सावरून पाण्यात उतरले.

मी तरी शेवटचं अक्षर लावूनच उठलो. ‘म’ होता.