आमचें दप्तर

दप्तर हा शब्द उच्चारतांच आमच्या बालवाचकांच्या डोळ्यांपुढें पाठीवरचें ओझें उभें राहील. त्यांच्या वडील मंडळींस मात्र कचेरींतील कागदांचे गठ्ठे आठवतील. दोन्ही अर्थ खरे आहेत, आणि दोन्ही दप्तरांत दोषही एकच, कीं हवी ती वस्तु हव्या त्या वेळीं हातीं लागत नाहीं. याच विद्यालयांत पहिल्या प्रकारचें दप्तर वाहून झाल्यावर आम्ही गेलीं बावीस वर्षें दुसऱ्या एका गांवच्या शाळेच्या कचेरींत दुसऱ्या प्रकारचें वाहत आहों. त्या दप्तराची, व आमच्या हातून घडलेल्या एका प्रमादाची हकीगत येथें सांगावयाची आहे.

पूर्वी कागद रुमालांत बांधीत. पुण्याच्या पेशवे दप्तरांतील मोडी कागद असेच रुमालांत बांधलेले, व त्यांतून रियासतकार सरदेसाई यांनीं निवडलेल्या कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळांत प्रसिद्ध झाले. रुमालास चिठी नसेल तर आंतला कागद असून नसल्यासारखाच. आमची समजूत अशी होती कीं, संगणक आल्यावर चिठीचें कामच उरलें नाहीं!

२०१४ सालीं आमच्या शाळेनें सेवकवर्गाच्या सर्व फायली स्कॅन करवून घेतल्या. कचेरींतील पांच संगणक तारेनें एका सर्व्हरास जोडलेले असून त्या सर्व्हरावरील एक भाग पांचांसही आपल्याच यंत्रांतल्यासारखा दिसतो. यास सामायिक ड्राइव्ह म्हणतात. गांवच्या पाणवठ्याचें जें होतें तेंच याचें झालें. सर्वांचा म्हणून कोणाचाच नाहीं. ज्यास जें सुचेल तें नांव देऊन तो फाईल ठेवी. ‘नवीन’, ‘नवीन फायनल’, ‘खरें फायनल’ अशा तीन भावंडांत खरें कोण, हें तिघांच्या जन्मदात्यासही सांगतां येत नसे. त्यांत नांवें रोमन लिपींत लिहिण्याची आमची खोड. ‘दीक्षित’ हें आडनांव कोणी ‘एक्स’ घालून लिही, कोणी ‘के-एस-एच’ घालून. एका प्रकारानें शोधलें कीं दुसऱ्या प्रकारची फाईल दडून बसे. तारखांचेंही तसेंच. दिवस आधीं व वर्ष शेवटीं लिहिलें कीं, नांवें क्रमानें लावतांना २०२१ च्या १ डिसेंबरचा कागद २०१८ च्या २ जानेवारीच्या कागदाआधीं जाऊन बसतो. फोल्डरांत फोल्डर, त्यांत आणखी फोल्डर, असें करीत एके ठिकाणीं तर फाईलचा पत्ता एवढा लांबला कीं संगणकानें ती उघडण्यास चक्क नकार दिला. विंडोजमध्यें अशा पत्त्यास मुळांत २६० अक्षरांची मर्यादा आहे, हें आम्हांस त्या दिवशीं कळलें.

२०२१ च्या उन्हाळ्यांत आम्हांस साफसफाईचें स्फुरण चढलें. हजेरीपटाची यादी शेजारीं ठेवून, जीं नांवें यादींत नाहींत तीं फोल्डरें आम्हीं एकामागून एक पुसून टाकलीं. ड्राइव्ह हलका झाला. मुख्याध्यापकांनीं शाबासकी दिली, आणि आम्ही ती घेतलीही.

पुढच्याच वर्षीं आमच्या शाळेंतील एक वडील शिक्षिका निवृत्त व्हावयाच्या होत्या. त्यांना सगळी शाळा बाई म्हणे. निवृत्तिवेतनाच्या प्रस्तावास त्यांच्या १९८८ सालच्या पहिल्या नेमणुकीच्या मान्यतेची प्रत जोडावयाची होती. सेवापुस्तकांत नोंद होती. परंतु मूळ आदेशाची प्रतच हवी असें वरच्या कचेरीचें म्हणणें पडलें, आणि ती नसल्यास पहिलीं चार वर्षें धरावीं कीं नाहीं हा प्रश्न उभा राहणार होता. कागदाचा गठ्ठा माळ्यावर होता. त्याचा पाऊस व वाळवी यांनीं मिळून चिखल केला होता. तेव्हां भिस्त सगळी ड्राइव्हावर. आम्हीं बाईंच्या नांवानें शोधलें, आडनांवानें शोधलें, साऱ्या स्पेलिंगांनीं शोधलें. १९९२ नंतरचे कागद भराभर निघाले. त्यापूर्वीचा एकही नाहीं.

बाई समोरच्या बाकावर बसल्या होत्या. त्या सहज म्हणाल्या, “अहो, तेव्हां माझें लग्न कुठें झालें होतें? माहेरचें नांव घालून बघा ना.”

तें नांव ऐकतांच आमच्या पायांखालची जमीन सरकली. यादींत नाहीं म्हणून जीं फोल्डरें पुसलीं, त्यांत तें नांव आम्हीं आपल्या डोळ्यांनीं वाचलें होतें. विद्यार्थ्यांनीं एक गोष्ट लक्षांत ठेवावी: आपल्या यंत्रावरील फाईल पुसली तर ती रिसायकल बिन नांवाच्या टोपलींत पडून राहते; पण सामायिक ड्राइव्हावरची पुसली तर बहुधा त्या टोपलींत जातच नाहीं. आम्हीं टोपली उघडून पाहिली, आणि ती रिकामी होती.

बाईंस आम्हीं खरें सांगितलें. त्या कांहीं बोलल्या नाहींत. चष्मा काढून पुसूं लागल्या. त्यापेक्षां त्यांनीं चार शब्द सुनावले असते तर बरें वाटलें असतें.

सुटका झाली ती प्रयोगशाळेच्या सहायकामुळें. २०२० च्या टाळेबंदींत, शाळा ओस असतांना, या गृहस्थानें कोणीं सांगितलें नसतां संपूर्ण ड्राइव्हाची एक प्रत निराळ्या डिस्कवर काढून मुख्याध्यापकांच्या कपाटांत कुलूपबंद ठेविली होती. ती डिस्क जोडली तेव्हां आमचे हात कांपत होते. फोल्डर होतें. आदेशही होता.

त्यानंतर आम्ही सुधारलों, असें म्हणावयास हरकत नाहीं. आतां प्रत्येक फायलीच्या नांवांत आधीं सेवकाचा क्रमांक येतो, कारण माणसाचें आडनांव बदलतें, क्रमांक बदलत नाहीं; मग वर्ष, महिना, दिवस या क्रमानें तारीख; मग कागद कशाचा तें. दर शनिवारीं प्रत निघते व एक डिस्क शाळेबाहेर, संस्थेच्या तिजोरींत राहते. पुसण्याचा अधिकार दोघांनाच आहे, आणि आम्हीं आपण होऊन त्यांत आपलें नांव घातलें नाहीं. आणखी एक लाजिरवाणी गोष्ट या वेळीं उघडकीस आली. सेवकांचीं डॉक्टरांचीं प्रमाणपत्रें व पगाराचे तपशील पांचही संगणकांवर कोणासही उघडतां येत असत. शिपायाचा आजार कारकुनास कशाला कळावा? पुढें २०२३ सालीं देशांत खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा मंजूर झाला. पण त्याआधींच तें फोल्डर वेगळें करून आम्हीं त्यास कुलूप घातलें होतें, एवढें श्रेय आम्ही घेऊं.

प्रस्ताव गेला, मंजूर झाला. निरोपसमारंभाच्या दिवशीं बाई मुद्दाम कचेरींत आल्या व त्या आदेशाची एक छापील प्रत स्वतःसाठीं मागून घेतली. कागदाच्या माथ्यावर त्यांचें माहेरचें नांव होतें. बाकावर बसून त्यांनीं तो कागद सावकाश वाचला, आणि मग म्हणाल्या, “या नांवानें मला कुणी हांक मारून तीस वर्षें झालीं हो.”