लेकी बोले

मनीच्या पानांसमोर 'झिंगाट' का लिहावं?

बाकीची यादी पटण्यासारखी आहे. भाचीनं फिजिक्सच्या नोट्समागच्या कोऱ्या पानावर 'कोसला'तल्या पांडुरंग सांगवीकरसाठी गाणी काढलीत. पुण्याच्या होस्टेलला किशोरकुमार, परीक्षेत आपटल्यावर एक हिंदी रॅप, गावी परततो तिथं प्रल्हाद शिंदे. डावीकडं पान क्रमांक, उजवीकडं गाणं, मधे बाण. धाकटी बहीण मनी जाते, तिथला बाण सरळ 'झिंगाट'वर. खाडाखोड नाही.

कागद माझ्याकडं कसा आला ते राहू द्या. लातूरहून नांदेडला येताना एसटीत वाचला. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं, आणि डोक्यात आजीची म्हण घोळायला लागली : लेकी बोले सुने लागे.

आजी ही म्हण वापरायची नाही, पाळायची. भाजी आईनं केलेली असायची आणि आजी आत्याला म्हणायची, "मीठ किती घालतीस गं!" आत्या मान खाली घालून भाकरी मोडत राहायची. एकदा मात्र ती म्हणाली, "मी चुलीपाशी गेलेच न्हाई की आज." ताटावर सगळे गप्प. आजीला राग आला तो मिठाचा नव्हता, लेकीनं खेळ मोडल्याचा.

म्हणीत सगळे सुनेची कीव करतात. लेकीचं काय? तिनं न केलेल्या भाजीचं मीठ तिनं खायचं, कारण आवाजाला जायला वाट लागते आणि ती वाट म्हणजे ती. सुनांनीही पुढं हाच रस्ता उलटा वापरला. पहाटे दळताना गाऱ्हाणं सांगायचं जात्याला, विठ्ठलाला, माहेरच्या भावाला. ऐकू जायचं माजघरात पडलेल्या सासूला. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी अशा लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यातल्या किती खरंच विठ्ठलासाठी होत्या, हे विठ्ठलालाच ठाऊक.

'कोसला'शेजारी नेहमी उभी केली जाते ती सॅलिंजरची १९५१ची कादंबरी. त्यातल्या सोळा वर्षांच्या होल्डनला न्यूयॉर्कच्या रस्त्यात एक पोरगं भेटतं. फुटपाथ सोडून कडेकडेनं चालत, स्वतःशीच गातंय. आईबापांचं लक्ष नाही, बाजूनं गाड्या जातायत. ते गाणं कुणासाठीच नाही, पण लागतं होल्डनला, त्याला जरा बरं वाटतं. आणि त्यानं ते चुकीचं ऐकलेलं असतं! रॉबर्ट बर्न्सच्या गाण्यात भेटणं आहे, हा पकडणं धरून बसतो आणि त्यावर जन्माचं स्वप्न उभारतो. चूक दाखवते धाकटी बहीणच. स्वप्न तरी तसंच राहतं.

म्हणजे भाचीनंही चुकीचं ऐकलं असेल? पण चूक कुणाची? २०१६च्या उन्हाळ्यात मी लातुरातच होतो. एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. त्याच महिन्याच्या शेवटी 'सैराट' लागला. लग्नसराई होतीच. टँकरच्या रांगेत मी घागर पायानं पुढं सरकवत होतो, शेजारून 'झिंगाट' वाजवत वरात चालली होती, आणि थोड्या वेळानं लक्षात आलं, घागर ठेक्यावर सरकतेय. लाज वाटली. पायानं ऐकलं नाही. अजून ते गाणं लागलं की मला ओल्या रबरी पाइपाचा वास येतो. अजय-अतुलनी तो काही घातलेला नाही.

तेव्हा भाची आठ वर्षांची होती. आता ती रिपीटर आहे. दुसरं वर्ष, तीच खोली, तोच मेसचा डबा. मनीची पानं वाचताना तिच्या खिडकीखालून वरात गेली असेल, इतकंच असेल. किंवा आत कुणी जात असताना बाहेर हेच वाजत असतं, असं तिला म्हणायचं असेल. यादीत पांडुरंग लेक आहे, एवढं मला पटतं. सून कोण? तिचा बाप? मी? क्लास लावून देताना फीच्या पावतीवर सही माझी होती.

लोह्याच्या स्टँडवर फोन लावला. सरळ विचारायचं ठरवलं होतं. तोंडातून आलं ते, "अभ्यास करायलीस का?"

"हौ मामा."

"आणि पांडुरंग कसाय गं?"

ती थांबली. मग म्हणाली, "त्याला काय व्हायलंय मामा, तो पुस्तकात हाय की."

आवाज तिनं जरा चढवलाच होता. हे मला सांगितलं, स्वतःला, की खोलीतल्या दुसऱ्या पोरीला ऐकू जावं म्हणून, फोनवरून कळायला मार्ग नव्हता. कंडक्टरनं बेल मारली.