परदेशची सहल, घरचा खाऊ आणि मोकळी दुपार

मैत्रिणींनो, परदेशची सहल ही आता काही मुंबई-पुणेकरांचीच मिरास राहिलेली नाही. आमच्या पेण-रोह्याच्या बायकाही हल्ली युरोप पाहून येतात. १९८४ साली केसरीभाऊ पाटलांनी केसरी टूर्स सुरू केली, २०१३ साली वीणा वर्ल्ड आली. मराठी बोलणारा टूर मॅनेजर आणि रात्री वरण-भात, मग परक्या मुलखाची भीती कुठली? नुसत्या बायकांच्या सहलीही निघतात. तरीसुद्धा तिकीट हाती पडलं की आपल्या मनात पहिला प्रश्न येतो तो आयफेल टॉवरचा नव्हेच. "तिथे खायचं काय?" हाच!

तेव्हा आधी सहलीचं पत्रक नीट वाचा. न्याहारी बहुधा हॉटेलात असते, रात्रीचं जेवण भारतीय उपाहारगृहात. दुपारच्या जेवणापुढे मात्र काही दिवशी 'स्वखर्चाने' असं लिहिलेलं आढळेल, आणि बहुतेक त्याच दिवशी 'मोकळा वेळ'ही असतो. एका वहीत दिवसवार रकाने आखा. जिथे जेवणाचा रकाना रिकामा, तेवढ्याच दिवसांचा खाऊ बरोबर घ्या. आपण काय करतो, की सगळ्या दिवसांचा फराळ बांधतो आणि बॅगेच्या वजनाची धास्ती घेऊन हिंडतो.

आता न्यायचं काय? पेणची बाई म्हणेल, पोह्याचे पापड आणि मिरगुंडं! पण बरं का, पापड भाजायला निखारा हवा आणि मिरगुंडं तळायला कढई. हॉटेलच्या खोलीत धूर झाला की धोक्याची घंटा वाजते, आणि खोलीत स्वयंपाक करायला बहुतेक ठिकाणी मनाईच असते. पापड न्यायचेच तर तिथल्या नातेवाइकांना भेट म्हणून न्या. सुकट-सोड्यांचा मोह घरीच ठेवा. बंद बसमध्ये वास लपत नाही. पेढे, खवा, तुपाची बरणी हेही नको. युरोपीय संघाच्या देशांत आणि स्वित्झर्लंडमध्ये आपल्याकडून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. मे महिन्यात निघालात तरी हापूसची पेटी नेऊ नका, त्याला प्रमाणपत्र लागतं.

मग उरतं ते आपलं नेहमीचंच, पण सोयीचं. पातळ पोह्यांचा चिवडा, खाकरे, शेंगदाण्याची कोरडी चटणी, मेतकूट. रवा तेलावर खमंग भाजून, त्यातच कोरडी फोडणी आणि मीठ घालून, एकेका माणसापुरत्या पुड्या करा. वर उकळतं पाणी ओतून दहा मिनिटं झाकून ठेवलं की उपमा तयार. लोणचं मात्र मोठ्या बॅगेत, घट्ट बांधून. हातातल्या बॅगेत १०० मिलीपेक्षा मोठी पातळ पदार्थाची बाटली चालत नाही. किटली प्रत्येक हॉटेलात मिळेलच असं नाही, आधी विचारून घ्या. तिच्यात फक्त पाणीच उकळायचं. विलायती पिनांचा जोडही हवा, कारण तिथल्या भिंतीतली भोकं आपल्यासारखी नसतात.

पण मला खरं सांगायचंय ते मोकळ्या वेळाबद्दल. ल्युसर्न या स्विस गावात आम्हांला दुपारचे दोन तास मिळाले. रोह्याला कुंडलिका तशी तिथे गावातून रॉइस नदी वाहते, आणि तिच्यावर चौदाव्या शतकातला छप्पर असलेला लाकडी पूल आहे. १९९३ साली तो आगीत बराचसा जळाला, पण वर्षाच्या आत त्यांनी पुन्हा उभा केला. आढ्याखाली जुनी रंगवलेली चित्रं आहेत, काही आगीत काळवंडलेली. आमच्या बसमधल्या एक काकू घाटावर बसून सगळ्यांना खाकरे-चटणी वाटत होत्या. यजमान खाऊन पूल पाहून आले, आईस्क्रीम खाऊन आले. काकूंनी डबे पुसले, उरलेलं बांधलं, तोवर वेळ संपला. बसमध्ये चढताना त्यांनी मला हळूच विचारलं, "काय गं, पुलावर काय होतं?"

मैत्रिणींनो, असं होऊ देऊ नका. आदल्या रात्रीच प्रत्येकाची खाऊची पिशवी वेगळी भरा आणि सकाळी ज्याची त्याच्या हातात द्या, यजमानांचीसुद्धा. ती त्यांना उघडता येते! खाण्याला पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. मोकळ्या वेळात पाहायचं एकच ठिकाण आधी ठरवा, दोन ठरवलीत तर दोन्ही अर्धी राहतात. परतायची वेळ, बस उभी राहायची जागा आणि हॉटेलचं नाव कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा. पाणी विकत घेऊ नका. स्वित्झर्लंडमध्ये नळाचं पाणी निर्धास्त प्यावं. एक फ्रँक शंभर रुपयांच्या वर जातो, म्हणून चार जणींनी मिळून दुकानातून पाव, फळं, दही घ्या. रविवारी मात्र तिथली दुकानं बहुतेक बंद असतात, मोठ्या स्टेशनांतली तेवढी उघडी मिळतात.

आणि एखाद्या दिवशी खाऊची पिशवी उघडूच नका. कॉफी घ्या, बाकावर बसा, माणसं पाहा. घरी चार वाजले की चहाचं आधण ठेवावं लागतंच. सहलीचे पैसे जसे यजमानांचे भरले आहेत तसेच तुमचेही. पत्रकातला तो मोकळा वेळ तुमच्याही वाट्याचा आहे.