मैदानाकडे पाठ करून

लंडन शहराच्या पूर्वेस, ली नदीच्या काठी स्ट्रॅटफर्ड म्हणून एक ठिकाण आहे. एके काळी तेथे कारखाने, गुदामे आणि त्यांनी नासवलेली जमीन याखेरीज फारसे काही नव्हते. २०१२ सालच्या ऑलिंपिक क्रीडामहोत्सवासाठी ती जमीन धुऊन तेथे विस्तीर्ण उद्यान उभारण्यात आले. 'धुऊन' हा शब्द अलंकारिक नव्हे. तेथील माती खरोखरच यंत्रांत घालून धुतली होती.

त्या उन्हाळ्यात मी मुलाकडे लंडनला गेलो होतो. पोहोचतो तो कळले की, सूनबाईंनी वर्षाची बहुतेक रजा या महोत्सवात स्वयंसेविका म्हणून राबण्यासाठी खर्ची घातली आहे. निदान दहा दिवस तरी काम केले पाहिजे, अशी अटच होती. वेतन नाही. लंडनमधले येण्याजाण्याचे भाडे, कामाच्या वेळचे जेवण आणि जांभळा-तांबडा गणवेष, एवढीच प्राप्ती. असे सुमारे ७०,००० लोक तेथे राबत होते, आणि त्यासाठी अर्ज आले होते सुमारे २,४०,०००!

खरे सांगावयाचे तर मला राग आला. सासऱ्याने एवढ्या दूरवरून यावे आणि सुनेने परक्यांना वाट दाखवीत उभे राहावे! शिवाय प्रक्षेपणाचे हक्क अफाट किमतीस विकले जातात, कंत्राटदारांस पैसे मिळतात. मग फुकट राबावयाचे ते हिनेच का? मी तसे विचारलेही. "बाबा, गणपतीच्या मांडवात तुम्ही नाही का रात्र रात्र जागत होतात?" असे ती हसून म्हणाली. आमच्या मांडवाचे हक्क कोणी विकत नव्हते, असे मी मनात म्हटले. आणि ते मला आजही खरे वाटते.

याच शहरात १९४८ साली, युद्धानंतरच्या ओढगस्तीत ऑलिंपिक भरले, तेव्हा देशोदेशींच्या नावांचे फलक बालवीरांनी धरले होते. आपले खाशाबा जाधव त्या वेळी कुस्तीत सहावे आले. त्या फलकधारी पोरांची आठवण मात्र कोण ठेवतो?

४ ऑगस्टच्या सायंकाळी मुलाने मला नुसत्या उद्यानात हिंडण्याचे तिकीट काढून दिले. सूनबाई हाती कर्णा घेऊन एका उंच खुर्चीवर बसल्या होत्या. मैदान त्यांच्या पाठीशी, तोंड गर्दीकडे. तिला सर्वांत अधिक विचारला जाणारा प्रश्न एकच होता : शौचकूप कोठे आहे? दर वेळी ती जणू प्रथमच ऐकत असल्यासारखे उत्तर देई.

अंधार पडू लागला आणि मैदानातून एक गर्जना उठली. ८०,००० कंठांचा तो आवाज कानांनी नव्हे, छातीने ऐकावा लागतो. तासाभरात तशी गर्जना पुनःपुन्हा उठली. जेसिका एनिस, ग्रेग रदरफर्ड आणि मो फाराह या तिघांनी त्या एका रात्री ब्रिटनला तीन सुवर्णपदके मिळवून दिली. नदीकाठच्या मोठ्या पडद्यासमोर लोक अनोळखी माणसांस मिठ्या मारीत होते. पडदाही तिच्या पाठीशीच होता.

"जाऊन पाहून तरी ये. मी थांबतो येथे," मी म्हणालो.

"तेवढ्यात कुणी वाट चुकलं तर?" असे म्हणून तिने एका भांबावलेल्या म्हाताऱ्या जोडप्याकडे कर्णा वळवला. मान एकदाही मागे वळली नाही. ते दोघे योग्य दरवाजाकडे वळेपर्यंत ती त्यांच्याकडेच पाहत होती. मीही.

परतीच्या आगगाडीत खच्चून गर्दी. एरव्ही त्या शहरात शेजाऱ्याशी बोलणे म्हणजे अपराधच. पण त्या रात्री सगळा डबा बडबडत होता. तिचा गणवेष पाहून माझ्याच वयाचे एक इंग्रज गृहस्थ उठले आणि त्यांनी आपली जागा तिला दिली. तिने ती मला देऊ केली. मी उभाच राहिलो.