डबा मेलेला नाही

पुणे, रविवार

चि. ओंकार यास,


"आत्या, डबा मेला" एवढाच मेसेज टाकून तू गप्प बसलास. फोनवर तू नुसतं "हो, हो" म्हणतोस आणि पुढचं ऐकत नाहीस, म्हणून हे पत्र. वहिनीला प्रिंट काढून द्यायला सांग आणि डब्याशेजारी बसून वाच.

तू सांगितलेली लक्षणं अशी: बटण दाबलं की एक बीप, पंखा फिरतो, समोरचा दिवा लाल-हिरवा लुकलुकत राहतो, आणि राउटरच्या यादीत पत्ता काही दिसत नाही. यातल्या एकाही गोष्टीवरून डबा मेला असं म्हणता येत नाही. तो कुठेतरी अडकला आहे. ज्या यंत्राला स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही, त्याच्याबाबत पहिला प्रश्न "काय बिघडलं" हा नसतोच. पहिला प्रश्न "कुठवर आला" हा. तेवढं कळलं की निम्मं काम झालं.

आधी दिव्याचं सांगते, कारण तू सगळ्यात जास्त घाबरलास तो त्यालाच. दादाचा तो डबा म्हणजे क्यूनॅप टीएस-२१९, घरच्या नेटवर्कवर फाइली ठेवायचा. आत मार्व्हेलचा १.२ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम, १६ एमबी फ्लॅश. याखेरीज आत आणखी एक बारकीशी चिप असते. दिवे, बझर, पंखा आणि पॉवरचं बटण तिच्या ताब्यात. मुख्य प्रोसेसर तिच्याशी आतल्या आत एका सिरियल पोर्टवरून बोलतो. वीज आली की ती आपली आपण बीप वाजवते आणि दिवा लाल-हिरवा करायला लागते. पुढे सिस्टिम पूर्ण उभी राहिली की तू घातलेल्या डेबियन लिनक्समधला क्यूकंट्रोल नावाचा प्रोग्राम तिला कळवतो, "झालं, आता हिरवा लाव." तुझा दिवा लुकलुकतो आहे याचा अर्थ हा निरोप तिच्यापर्यंत आलेला नाही, एवढाच. पहिल्या बीपवरूनही फार काही ठरवू नकोस. तो वाजला म्हणजे चिप जिवंत आहे. लिनक्स चालू आहे की नाही, हे तिला ठाऊकच नाही.

आता "मी त्यात लिनक्स घातलं" हे तुझं वाक्य. त्यात लिनक्स पहिल्यापासूनच होतं रे. कंपनीचं फर्मवेअर म्हणजे लिनक्सच, वर त्यांचं वेबपान. या असल्या बहुतेक डब्यांची हीच गोष्ट. २००४ साली लिंक्सिसने एनएसएलयू२ नावाचा तळहाताएवढा डबा काढला. आत डिस्कसुद्धा नाही, नुसते दोन यूएसबी पोर्ट, ३२ एमबी रॅम आणि ८ एमबी फ्लॅश. लोकांनी त्यावर पूर्ण डेबियन चढवलं. मार्टिन मिख्लमायर या डेबियनच्या माणसाने (२००३ ते २००५ तो त्या प्रकल्पाचा प्रमुख होता) त्या डब्यावर आणि पुढे क्यूनॅपच्या डब्यांवर डेबियन कसं बसवायचं, याची पायरीपायरीची माहिती लिहून ठेवली. तू ज्या सूचना पाळल्यास त्यांचं मूळ तिथलंच. कंपनीचं लिनक्स काढून आपल्या हातातलं लिनक्स आणणं, इतकाच हा उद्योग. त्यातून दादाच्या डब्याला मिळतं काय, तर नवी सांबा, म्हणजे विंडोजशी एसएमबी या भाषेत फाइली वाटून घेणारा प्रोग्राम. विंडोजने २०१७ पासून एसएमबीची पहिली आवृत्ती आपणहून बंद ठेवायला सुरुवात केली, आणि असल्या जुन्या फर्मवेअरना बहुधा तीच भाषा येते. दादाच्या नव्या लॅपटॉपला डबा दिसेना, तो यामुळेच असणार.

आता अडकला कुठे ते बघू. वीज आली की यू-बूट जागा होतो. फ्लॅशमधल्या ठरलेल्या जागेवरून ठरलेल्या मापाचा कर्नेल उचलून रॅममध्ये ठेवतो, त्याची बेरीज (चेकसम) तपासतो आणि चालू करतो. मग कर्नेल डिस्क शोधतो, डिस्कची तपासणी होते, मग नेटवर्क, मग एसएसएच, आणि शेवटी क्यूकंट्रोलचा तो निरोप. राउटरला मध्ये आणू नकोस. डबा आणि लॅपटॉप एकाच केबलने थेट जोड, लॅपटॉपवर वायरशार्क (केबलवरचं बोलणं दाखवणारा प्रोग्राम) लाव आणि मग डबा चालू कर. नेटवर्कपर्यंत पोचला असेल तर तो डीएचसीपीच्या हाका मारताना दिसेल. त्याचा मॅक पत्ता खालच्या स्टिकरवर आहे, तोच आहे ना ते ताडून बघ. हाका दिसल्या म्हणजे कर्नेल, डिस्क सगळं ठीक, गोंधळ पुढचा. नुसता लिंकचा दिवा लागला आणि वायरशार्क कोरा राहिला, तर गाडी त्याच्या आधीच थांबली. पण घाई करू नकोस. मोठी डिस्क तपासायला डब्याला बराच वेळ लागतो, आणि तेवढा वेळ तो नेटवर्कवर येतच नाही. डिस्कवर हात ठेव; आत सुई फिरत असल्याची खरखर जाणवली तर चहा करून ये.

घड्याळाचंही बघ. आतला बटण सेल इतक्या वर्षांत संपला असेल तर डबा दर वेळी जुन्यापुराण्या तारखेला जागा होतो. मग डिस्कवरची शेवटची नोंद त्याला भविष्यातली वाटते आणि तपासणी अडून बसते. पॅकेज उतरवताना सही अजून लागू झालेली नाही अशी तक्रार येते, तीही त्याच सेलमुळे. सेल फार महाग नसतो, बदलूनच टाक.

अडॅप्टरचा संशयही मनात ठेव. दोन डिस्क एकदम फिरायला लागल्या की क्षणभर वीज जास्त लागते, आणि म्हातारा १२ व्होल्टचा अडॅप्टर तिथेच मान टाकतो. टक् असा आवाज येऊन डबा पुन्हा पहिल्यापासून सुरू होत असेल आणि आत दोन डिस्क असतील, तर एक काढून चालव.

पण माझा खरा संशय निराळाच आहे. वहिनी परवा म्हणाली, तू इन्स्टॉल केलंस त्या रात्री तुमच्याकडे कुडाळात लाईट सारखी ये-जा करत होती. इन्स्टॉलेशनच्या अगदी शेवटी डेबियन नवा कर्नेल आणि त्याची रॅमडिस्क फ्लॅशमध्ये लिहितं. आधी तिथे इन्स्टॉलरचा कर्नेल होता, तो पुसून त्याच जागी. नेमकी त्या मिनिटांत वीज गेली असेल तर अर्धा कर्नेल नवा, अर्धी जागा पुसलेली. यू-बूट तो उचलेल, बेरीज जुळणार नाही आणि तो तिथेच थांबेल. बाहेरून दिसणार काय? बीप, पंखा, लाल-हिरवा. म्हणजे तू सांगितलंस तेच सगळं.

हे बाहेरून सिद्ध करता येत नाही, म्हणून आत शिरावं लागेल. मदरबोर्डवर चार पिनांचा एक सिरियल हेडर आहे. काल तापकीर गल्लीत गेले होते, तिथून त्यासाठी यूएसबी-टीटीएल वायर आणली आणि कुरियरला दिली. या वायरीला चार तारा असतात. काळी ग्राउंडला, पांढरी डब्याच्या पाठवणाऱ्या पिनला, हिरवी डब्याच्या ऐकणाऱ्या पिनला. लाल तारेत ५ व्होल्ट येतात. ती कशालाही लावायची नाही. तिच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळूनच पाठवली आहे, ती काढू नकोस. डब्याचं बोलणं ३.३ व्होल्टवर चालतं. वेग ११५२००. हे झालं की यू-बूट पहिल्या सेकंदापासून काय काय म्हणतो ते ओळीने दिसेल, आणि चेकसमच्या ओळीत "बॅड" हा शब्द आला तर माझा संशय खरा.

तसं निघालं तरी घाबरायचं कारण नाही. तू सुरुवातीला फ्लॅशच्या एमटीडी०पासून एमटीडी५पर्यंत सहाही भागांच्या प्रती काढून ठेवल्यास ना? पेनड्राइव्हवर असाव्यात. त्या जोडून मूळ १६ एमबीची फाइल बनते, पण जोडायच्या त्या आकड्यांच्या क्रमाने नाहीत: आधी ०, मग ४, ५, आणि त्यानंतर १, २, ३. फ्लॅशमध्ये भाग त्याच क्रमाने बसलेले आहेत, आकडे मात्र वेगळे पडले आहेत. अर्धा, पाव आणि सव्वा मिळून २ एमबी, मग कर्नेलचे २, रॅमडिस्कचे ९, आणि उरलेले ३. सोळा भरले नाहीत तर एखादी प्रत अपुरी आहे, मग पुढे जाऊ नकोस. या फाइलला 'एफ_टीएस-२१९' हे नाव इंग्रजी कॅपिटल अक्षरांत दे. लॅपटॉपला १९२.१६८.०.११ हा पत्ता दे, टीएफटीपी सर्व्हर चालू कर, आणि रिसेट दाबून धरून डबा सुरू कर. यू-बूट शाबूत असेल तर तो ही फाइल स्वतः मागून घेतो. एवढं होईपर्यंत डबा आणि लॅपटॉप दोन्ही इन्व्हर्टरवर, हे लक्षात ठेव. ते जमलं की इन्स्टॉलेशन पहिल्यापासून, तेही इन्व्हर्टरवरच.

दुसऱ्यांदा इन्स्टॉल केल्यावर लॅपटॉप ओरडेल की सर्व्हरची ओळख बदलली, कुणीतरी मध्ये बसलंय. मध्ये कुणी नाही. इन्स्टॉलरची किल्ली वेगळी आणि बसलेल्या सिस्टिमची वेगळी, म्हणून ती आरडाओरड. जुनी नोंद काढून टाक आणि पुन्हा आत जा.

आता आवृत्तीबद्दल. तू नव्यात नवं डेबियन का नाही असं विचारलं होतंस. कर्नेलला जागा आहे २ एमबी. कर्नेल वर्षागणिक फुगत गेला, तो त्या खणात मावेनासा झाला आणि डेबियनने या डब्यांचा नाद सोडला. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३मध्ये तर या जातीच्या प्रोसेसरसाठी इन्स्टॉलरच नाही. फ्लॅशची वाटणी बदलून, यू-बूटला नवं माप सांगून मोठा कर्नेल बसवणारे लोक आहेत. तू आत्ता त्या भानगडीत पडू नकोस. ते माप चुकलं तर वायरीशिवाय डबा जागा होणार नाही. जुनी आवृत्तीच टाक. तिची पॅकेजेस आता डेबियनच्या आर्काइव्हमध्ये सरकली आहेत, तेव्हा पत्ते तिथले दे.

जुनी आवृत्ती म्हणजे सुरक्षेची डागडुजी बंद. म्हणून हा डबा घराबाहेर दिसता कामा नये. राउटरवर पोर्ट उघडून कॉलेजातून फोटो बघायचा बेत तू मनात धरला आहेस, मला माहीत आहे. तो सोड. एप्रिल २०२१मध्ये क्यूलॉकर नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने इंटरनेटवर उघड्या असलेल्या क्यूनॅपच्या असंख्य डब्यांतल्या फाइली पासवर्ड घालून बांधून ठेवल्या. त्याच वर्षी जूनमध्ये वेस्टर्न डिजिटलचे माय बुक लाइव्ह डबे बाहेरून कुणीतरी रिकामे केले. त्यांना २०१५नंतर फर्मवेअर मिळालंच नव्हतं.

दादाच्या दोन्ही डिस्क काढून ठेवून तू जुन्या लॅपटॉपच्या डिस्कवर प्रयोग केलास, हे फार बरं केलंस. दादाच्या डिस्कवरचं काही वाचण्यासाठी डबा लागतच नाही. त्या दोन्ही आरसा पद्धतीने लावलेल्या आहेत, म्हणजे दोन्हींवर तेच. एक डिस्क यूएसबी डॉकमध्ये लाव आणि लिनक्सच्या कुठल्याही लॅपटॉपवर तिसरं पार्टिशन एमडीएडीएमने उघड. पहिलं, दुसरं आणि चौथं कंपनीच्या सिस्टिमचं, त्यांना हात लावू नकोस. उघडताना फक्त वाचण्यापुरतंच उघड, लिहिण्याची मुभा देऊ नकोस. लग्नांचे, मुंजींचे सगळे फोटो आधी वेगळ्या डिस्कवर उतरव, मगच बाकीचं. दादाला वाटतं दोन डिस्क आहेत म्हणजे दोन प्रती आहेत. त्याला समजावून सांग: एकीवर चुकून फोल्डर पुसला की दुसरीवरही त्याच क्षणी पुसला जातो. आरसा डिस्क बिघडण्यावर इलाज आहे, माणसाच्या हातावर नाही. तिसरी प्रत वहिनीच्या माहेरी ठेवली तरी चालेल.

वायर बुधवारपर्यंत पोचेल. पडद्यावर येणाऱ्या सगळ्या ओळी, पहिलीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, मजकूर म्हणूनच पाठव. मोबाइलने काढलेला तिरका फोटो नको. वायरशार्कमध्ये काय दिसलं तेही लिही. आणि त्या रात्री लाईट नेमकी किती वाजता गेली ते वहिनीला विचार, तिच्या ते लक्षात असणार.

दादा-वहिनीला नमस्कार.

तुझी,
आत्या